अन्वरभाईंच्या जादा खुर्च्या

अन्वरभाई गादीवाल्यांच्या मते उमरखेडातली निम्मी माणसं ऑफसाइड होती.

रेशनच्या रांगेत कोणी मधूनच घुसलं, की मागून आवाज यायचा, "ए, ऑफसाइड!" मयतीत कोणी वारसाहक्काची चर्चा सुरू केली, तर खांदा देता देता पुटपुटायचे, "ऑफसाइड, लेकाचा." मी ढाणकीला मुलगी पाहायला गेलो, तेव्हा त्यांना सोबत नेलं होतं. पोहे यायच्या आधीच आमच्या काकांनी देण्याघेण्याचा विषय काढला. अन्वरभाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला अन् भर बैठकीत म्हणाले, "काका, ऑफसाइड." काकांनी विषय आवरला. लग्न जमलं. बायको आजही सांगते, "मले तुम्ही नाही, तो दाढीवाला म्हातारा पसंत पडलता."

ऑफसाइड म्हणजे नेमकं काय, हे मात्र गावात कोणालाच कळलं नव्हतं. एकदा मी विचारलं, तर त्यांनी दुकानातल्या उशा जमिनीवर मांडल्या. "हे आपले गडी. हे त्याहीचे. हा लोड म्हंजे गोलकीपर." समजावणं रंगात आलं आणि तेवढ्यात एक गिऱ्हाईक येऊन गोलकीपर विकत घेऊन गेलं. नियम तिथंच अर्धा राहिला.

तरुणपणी ते गावच्या संघात फुलबॅक होते. चालताना उजवा पाय ओढत. कोणी विचारलं तर म्हणत, "गुडघा कामठीच्या मैदानावर ठिवून आलो. आणाले जाईन कधी तरी."

त्यांचं गाद्यांचं दुकान आणि माझं फोटो फ्रेमचं, मध्ये एक कुडाची भिंत. कापसाची ती वाईट वर्षं होती. भाव पडले की घराघरांत कापूस तुंबायचा. लोक अन्वरभाईंना म्हणायचे, "भाव नाई तं गादी तरी भरून द्या." पण भरणावळ द्यायलाही हात आखडलेला, त्यामुळे जुन्याच गाद्यांवर जुनीच माणसं तळमळत राहिली. गादीवाला माश्या मारत बसायचा आणि फ्रेमवाल्याला उसंत नसायची. बाया लग्नाचा फोटो घेऊन यायच्या. त्यातलं नवऱ्याचं तेवढं तोंड कापून मोठं करून द्या म्हणायच्या. मुंडावळ्या काढता आल्या तर काढा म्हणायच्या. मी काढून द्यायचो. भिंतीपलीकडून अन्वरभाई विचारायचे, "आज कोण?" मी गावाचं नाव सांगायचो. माणसाचं नाव ते विचारत नसत.

दर हिवाळ्यात गावात फुटबॉलची मोठी स्पर्धा भरायची. मैदानाला टिनाचं कुंपण, बांबूची गॅलरी, आणि स्टेजजवळ खुर्च्या. खुर्चीचा पास म्हणजे गावात मोठा मान. तहसीलदारालासुद्धा तो मिळवायला कोणाकडे तरी हसावं लागे. जुने खेळाडू म्हणून कमिटी अन्वरभाईंना फायनलचे चार पास घरपोच पाठवायची. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोन्ही मुलं हैदराबादला, कोणी एसी दुरुस्त करतं, कोणी मोबाइल. ईदेलाही त्यांची गाडी चुकायची. तेव्हा एका पासावर अन्वरभाई बसायचे आणि बाकीच्या तिन्हींचा मिळून एकच लकी ड्रॉ काढायचे. पैसा जायचा कोणत्या तरी नडीला. एका साली दवाखान्यातल्या पंख्याला, एका साली जनाज्याच्या गाडीच्या चाकांना.

यावर मौलानासाहेबांनी त्यांना गाठलं. "अन्वरमियाँ, ये लॉटरी है. हराम है."

"मौलानासाब, पास फुकट आला. पैसा दानाचा हाये. चिठ्ठी फक्त खुर्चीवर कोण बसन ते सांगते."

मौलाना विचारात पडले. शेवटी त्यांनी पैसे दिले आणि चिठ्ठी घेतली नाही. अन्वरभाई मला म्हणाले, "पुऱ्या गावात हाच एक गडी ऑनसाइड."

मी सांगतोय त्या साली कापूस डोक्याएवढा वाढला होता आणि अळीही. माणसं पाठीवर पंप घेऊन त्या रानात शिरत आणि वर तोंड करून फवारत. आमच्याकडे त्या विषाला औषधच म्हणतात. ढाणकीकडचा किसन नावाचा मजूर होता. पावसाळ्यात रोजंदारीवर फवारणी करायचा आणि थंडीत अन्वरभाईंकडे कापूस पिंजायला यायचा. अबोल माणूस. अन्वरभाई दिवसभर बोलणार अन् हा हसणार, असं त्यांचं जमायचं. एके दिवशी तो शेताच्या धुऱ्यावर ओकत पडलेला सापडला. त्याला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं.

अन्वरभाई एसटीनं जाऊन त्याला पाहून आले. आल्यावर दुकान उघडून बसले.

"कसा हाये?" मी विचारलं.

"जीव हाये. मी समोर उभा होतो बाप्पा, अन् तो भिताडाकडं पाहून मले सलाम करे."

त्या वर्षीचा ड्रॉ किसनसाठी, हे सांगायची गरजच नव्हती. बिस्किटाचा एक डबा घेऊन ते चिठ्ठ्या विकायला निघाले. मीही दुकान बंद करून सोबत गेलो. गावाचा इतका चांगला परिचय मला कधी झाला नव्हता.

किराणावाल्यानं विचारलं, "कोणाचा हाये तो? आपल्यातला हाये का?"

"डोये गेले त्याचे," अन्वरभाई म्हणाले. "डोयाले जात असते का?"

दुसरा म्हणाला, "सरकार देते ना आता त्याहीले?"

"देते. पन आधी सरकारले दिसलं पायजे का हा आंधळा हाये."

एका पुढाऱ्यानं चिठ्ठी घ्यायच्या आधी विचारलं, कमिटीच्या बॅनरवर नाव येईल का. एका गुरुजींनी एकच चिठ्ठी घेतली आणि मजुरांच्या व्यसनांवर तासभर ऐकवलं. कोणी म्हणालं, मोफत पास विकता, शोभतं का. गरीब माणसं फार विचारत नव्हती. हमालांनी, भजेवालीनं, पंक्चरवाल्यानं पैसे दिले आणि चिठ्ठीवर नाव टाकायला वेळ नाही म्हणून चिठ्ठ्या कोऱ्याच परत केल्या.

शेवटी आम्ही कृषी केंद्रवाल्या शेठकडे गेलो. गावातलं अर्धं औषध त्याच दुकानातून जायचं. शेठनं आमच्यासाठी चहा मागवला.

"तोंडाले रुमाल बांधला नसन त्यानं," शेठ म्हणाले. "औषध चांगलंच हाये आपलं. मानसंच निष्काळजी."

मी अन्वरभाईंकडे पाहिलं. आता हा म्हातारा तो जगप्रसिद्ध शब्द उच्चारणार आणि चहा सांडणार, अशी माझी खात्री होती. पण अन्वरभाईंनी चहा फुंकून प्यायला आणि शांतपणे विचारलं, "किती घेता?"

शेठनं डब्यात उरलेल्या सगळ्या चिठ्ठ्या घेतल्या.

बाहेर आल्यावर मी चिडलो. "काही बोलले काहून नाही?"

"त्याले बोललो असतो तं मले बरं वाटलं असतं," ते म्हणाले. "किसनले काय भेटलं असतं?"

ड्रॉ आमच्या दुकानांसमोर झाला. चिठ्ठी काढायला किसनची बायको कांता आली होती. डब्यात निम्म्याहून जास्त चिठ्ठ्या शेठच्या नावाच्या, त्यामुळे निकालात नवल नव्हतं. तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या. कॅमेरा माझ्याकडे होता. शेठनं कांताच्या हातात जमलेल्या पैशांचं पाकीट देताना मला सांगितलं, "हात नीट येऊ दे फोटोत." तीन वेळा पाकीट दिलं, दोन वेळा परत घेतलं, तेव्हा कुठे हात नीट आला.

सगळे गेल्यावर कांता माझ्या दुकानात आली. "भाऊ, थो फोटो मले भेटन का? माह्या एकलीचा फोटोच नाई."

"त्यात शेठ आहेत."

"मंग त्याहीले कापून द्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी शेठचा माणूस निरोप घेऊन आला. खुर्च्या उन्हात आहेत, सावलीतल्या बदलून मिळतील का? अन्वरभाईंनी त्याला गादीवर बसवलं, पाणी दिलं अन् सांगितलं, "शेठले म्हणाव, ऊन सगळ्यायले एकच हाये."

किसन वाचला. फायनलच्या आधी त्याला घरी आणलं. त्याला उजेड कळायचा, माणूस नाही. पुढे थंडी वाढल्यावर तो पुन्हा अन्वरभाईंकडे येऊ लागला. हातानं चाचपत गाद्या भरायचा. अन्वरभाई बोलायचे, तो हसायचा, पण आता दरवाजाकडे तोंड करून.

फायनलला मैदान फुललं होतं. कडुलिंबाच्या फांद्यांवरही माणसं होती. मी गॅलरीतून पाहत होतो. कामठीचा संघ जोरात होता. पण माझं लक्ष सारखं स्टेजकडे जात होतं. तिथं अन्वरभाई धुतलेला कुर्ता घालून बसले होते आणि त्यांच्या शेजारच्या तिन्ही खुर्च्या रिकाम्या होत्या. शेठ नांदेडला कोणाच्या तरी लग्नाला गेले होते. स्वतः आले नाहीत, कोणाला पाठवलंही नाही. बिल्ला लावलेला एक कार्यकर्ता दोन पाहुण्यांना घेऊन तिथं आला, तर अन्वरभाईंनी हात आडवा केला. "शेठच्या हायेत. येऊन राह्यले ते." कार्यकर्ता पुन्हा आला, पुन्हा तेच.

हाफ टाइमला मी बांबूखालून वाकून तिकडे गेलो. म्हटलं, "शेठ काही येत नाहीत आता. मी बसतो."

"थितं नको."

"का?"

ते मैदानाकडे पाहत म्हणाले, "थे नजमाची हाये."

नजमा म्हणजे त्यांची बायको. मला वाटलं, गोंगाटात मी चुकीचं ऐकलं.

"अन् थ्या दोन पोट्ट्यायच्या," ते म्हणाले. "आम्ही चौघं येत होतो. तिले खेळ समजत नव्हता. गोल झाला का इचारे, आता घरी जाचं का?" ते स्वतःशीच हसले. "दरसाली कोनी दुसरेच येऊन बसते इथं. बसू दे. नडल्याचं काम होते. मी त्या बाजूनं पाहतच नाई. पन रिकाम्या ठिवल्या तं लोक म्हणतीन, म्हातारा येडा झाला. यंदा शेठनं लय मोठं काम केलं माह्यावर."

हे ते टोमणा म्हणून बोलत नव्हते. शेठचे त्यांनी अगदी मनापासून आभार मानले होते.

मी खुर्च्यांच्या मागे उभा राहिलो. दुसरा हाफ सुरू झाला. शेंगदाणेवाला आला, तेव्हा अन्वरभाईंनी एक मोठी पुडी घेतली आणि शेजारच्या खुर्चीवर ठेवली. डोळे मैदानावर, आणि हात मधूनमधून त्या खुर्चीकडे जायचा, दोन दाणे उचलायचा. पुडी त्यांनी आपल्या मांडीवर घेतली नाही.

कामठीनं गोल केला. अख्खी गॅलरी उठली. अन्वरभाई दुखरा पाय विसरून उभे राहिले, आणि उजवीकडे, पुडी ठेवलेल्या खुर्चीकडे वाकून काहीतरी बोलले. गोंगाटात मला ऐकू आलं नाही. मग ते पुन्हा बसले. मॅच संपेपर्यंत मी उभाच होतो.