न बांधलेल्या युद्धनौकेची छाननी

कोणतीही युद्धनौका पाण्यात उतरवण्याआधी ती बुडणार नाही याची खातरजमा करावी लागते. जी कधीच बांधायची नाही, तिची तर जास्तच करावी लागते. कारण बुडून आपली चूक दाखवून देण्याची सोय तिला नसते.

नगरपालिकेच्या पूल विभागातल्या उपअभियंत्यांना हे तत्त्व मनापासून पटलेलं होतं. ऑफिसात त्यांना दर्यासारंग म्हणत, आणि त्यांना ते आवडायचं. (समुद्र त्यांनी दोनदा पाहिला होता, त्यांपैकी एकदा बसच्या खिडकीतून.) ते एका अभ्यास मंडळाचे सभासद होते. इतिहास जरा वेगळा घडला असता, एक महायुद्ध सहा वर्षं उशिरा पेटलं असतं, तर दक्षिण अमेरिकेतल्या एका देशाने कसली युद्धनौका बांधली असती, याचे आराखडे हे मंडळ मंजूर किंवा नामंजूर करी. देशाचं नाव सांगता येत नाही, कारण त्यांच्या नौदलाला अजून काही कळवलेलं नाही.

मंडळात पाच जण: एक दाताचे डॉक्टर, एक भूगोलाच्या बाई, एक निवृत्त पोस्टमास्तर, एक चष्म्याचे दुकानदार आणि स्वतः उपअभियंते. सगळे एकापेक्षा एक कडक. उपअभियंत्यांचा पहिला आराखडा परत आला, तो ओहोटीच्या वेळी जहाजाचा तळ बंदरातल्या गाळात दीड फूट रुततो म्हणून. दुसरा, स्वयंपाकघर तोफांच्या धुराच्या वाटेत येतं म्हणून. तिसऱ्या वेळी दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, की अकराशे चाळीस खलाशांपैकी डाव्या कठड्याशी एकाच वेळी किती जमू शकतील, आणि जमले तर जहाज किती कलेल. उपअभियंत्यांनी चार रविवार खर्चून खलाशांचं सरासरी वजन काढलं, बुटांसकट.

याच सुमारास शाळेजवळच्या नाल्यावर होणाऱ्या पादचारी पुलाची फाइल त्यांच्या टेबलावर आली. जेवणाच्या सुट्टीआधी सही करून त्यांनी ती पुढे सरकवली. (एकूण वेळ अकरा मिनिटं, त्यातली चार पेन शोधण्यात.)

त्यांची बायको त्याच शाळेत शिकवत होती. एका रविवारी ती चहा घेऊन आली, तर टेबलावर खलाशांचा तक्ता पसरलेला. तिने तो उभ्याउभ्याच वाचला.

"अहो, या बोटीतून कोण जाणार आहे?"

"कोणीच नाही."

"आणि आमच्या पुलावरून? तिथे किती माणसं धरलीत?"

उपअभियंत्यांनी तक्ता गुंडाळून ठेवला. चहा गार झाला. सोमवारी त्यांनी फाइल परत मागवली (ऑफिसात फाइल मागे येण्याची ही पहिलीच खेप, त्यामुळे शिपायाला कोणत्या वहीत नोंद करावी ते कळेना) आणि उभ्या नोकरीत पहिल्यांदाच एखादा पूल युद्धनौकेसारखा तपासला. हिशेब एका वेळी चाळीस माणसांचा होता. शाळा सुटली की तीनशे मुलं एकदम निघायची. संध्याकाळपर्यंत त्यांनी नऊ पानी हरकत लिहून काढली.

मुख्य अभियंत्यांनी त्यांचं शांतपणे ऐकून घेतलं. मुलांचं वजन कमी असतं, असं समजावलं. उद्घाटनाची तारीख ठरली आहे, हेही सांगितलं. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "दर्यासारंग, छंद घरी ठेवा."

आठवड्याभरात उपअभियंत्यांची बदली जुन्या नकाशांच्या खोलीत झाली. हरकतीची दखल मात्र रीतसर घेण्यात आली: पूल झाल्यावर त्याच्या तोंडाशी पाटी लागली, 'एका वेळी चाळीस. मुलांनी मोजून जावे.' पहिलीच्या वर्गाला वीसपर्यंतच अंक येतात, असं बायकोने लेखी कळवलं. ते पत्र योग्य कार्यवाहीसाठी शिक्षण विभागाकडे गेलं. ती स्वतः आता लांबच्या रस्त्याने जाते. सकाळी उपअभियंतेही तिच्यासोबत चालतात. नाला दिसायला लागला की दोघं पुलाकडे बघत चालतात.

युद्धनौका पाचव्या खेपेला एकमताने मंजूर झाली. मंडळाने उभं राहून टाळ्या वाजवल्या. उपअभियंते तेवढे बसून राहिले.

ही हकीकत आजवर बऱ्याच जणांना सांगून झाली. कुणी चिलखत किती इंची ते विचारलं, कुणी तोफा किती ते. (तेरा इंच, बारा तोफा.) पूल कोणत्या गावात आहे, हे अजून एकानेही विचारलेलं नाही. तुम्हीही आत्ता कंसातल्या आकड्यांवर समाधान मानून पुढे आलात.