शेवंताआक्काच्या सासुरवाशिणी

आमच्या गल्लीतली शेवंताआक्का बाहुल्यांना सासरी धाडती. थट्टा न्हाय. निपाणीत आमच्या गल्लीत कुनाचं पोरगं शाळंच्या वयाचं झालं आनि तरीबी फाटकी बाहुली न्हाय तर कापडाचं अस्वल काखंत मारून हिंडत असलं, की आई त्येला धरून आक्काच्या दारात आनती. आक्का चष्मा नाकावर वडती. पोराकडं बघतच न्हाय, बाहुलीकडं बघती. म्हंती, "पोरगी मोठी झाली की गं! आता किती दिस घरात ठिवनार?"

झालं. आता रडायचं का नको, तेच पोराला कळत न्हाय.

मग आक्का बाहुलीला हळदकुंकू लावती, मूठभर तांदळानं ओटी भरती, भाकरीचा तुकडा फडक्यात बांधून शिदोरी देती. अस्वल असलं तरी ओटी भरती. एकदा एका पोरानं चाकं मोडलेला ट्रॅक्टर आनला. उशाला घेतल्याबिगर त्येला झोप न्हाय.

मी म्हटलं, "आक्का, ट्रॅक्टर कसा गं सासरी जानार?"

"जाऊ दे की घरजावई म्हनून!" आनि स्टेरिंगला सुपारी बांधून मोकळी.

विधवा बाईनं ओट्या कशा भरायच्या, म्हनून कुनी नाक मुरडलं तर म्हंती, "बाहुल्यांना चालतंय. तुमी तुमचं बघा." लई रुबाब. "माझ्या हातनं गेलेली रडत मागं फिरली न्हाय," हे तिचं पालुपद.

पन एक चूक झाली. सासरी गेलेली लेक पंचमीला माहेरी येती, हे आक्का इसरली. पोरं इसरली न्हाईत. पैल्याच नागपंचमीला सकाळी सात-आठ पोरं दारात हजर. "आक्का, माझी बाहुली आन." "माझं अस्वल कुठं हाय?" आक्का धुनं धूत हुती. तिनं पदराला हात पुसलं, आत गेली आनि ट्रंक उघडली. समदी आत हुती. धुतलेली, उसवलं हुतं तिथं टाचलेली, डांबराच्या गोळ्या घालून ठिवलेली.

"सांजच्याला परत आनायच्या. नांदत्यात त्या," असा दम दिला.

पोरांनी दिसभर त्यास्नी झोक्यावर बसवलं आनि सांजच्याला मुकाट परत आनलं. तवापासनं रीतच पडली. आता त्यातली निम्मी पोरं बापयगडी झाली, बेळगावाजवळ मच्छ्याला कारखान्यात कामाला लागली. त्येंच्या बाहुल्या मागायला कोन येत न्हाय. आक्का त्याबी काढून कट्ट्यावर मांडती, आनि दिवेलागणीला उचलून ठिवती.

आक्कानं आनि मी चाळीस वर्सं शेजारी बसून विड्या वळल्या. माना गेल्या, बोटं गेली, दोघींचं मालक गेलं. त्येचं रडगानं ती कधी गात न्हाय, मलाबी आवडत न्हाय. फकस्त पंचमीला कुनी इचारलं, की माहेरचा मुराळी न्यायला आला न्हाय व्हय तुमाला, तर म्हंती, "आमच्या कणकुंबीला पाऊस लई. वाट बंद असती. कसा येनार त्यो?" लगीन झाल्यापासनं हेच. कणकुंबीला डांबरी रस्ता हुऊन जमाना झाला, बस धावतीया. तिला कोन सांगनार?

आता रेणूचं. रेणू माझी नात. ती तीन वर्सांची असताना माझी सून तापानं गेली. सुनंच्या हिरव्या लुगड्याची मी बाहुली शिवली, रेणूनं तिला मनी म्हटलं. पोरगा ट्रकवर, म्हैना म्हैना घरी नसतोय. मी आनि मनी, दोघींनी रेणूला वाढवलं. पोरगी हुशार. धाव्या वर्सी बेळगावात ऱ्हान्याखान्याच्या शाळंत नंबर लागला. मनीला घिऊन गेली, आनि तिथल्या पोरींनी "बाळ आलं, बाळ आलं" म्हनून सळो की पळो केलं. आठव्या दिशी रेणू पळून घरात. शाळंच्या बाईंचा फोन आला, "आज्जी, परत अशी आली तर तिची जागा दुसऱ्या मुलीला द्यावी लागेल." बाहुली घिऊन ऱ्हाता येईना, बाहुलीबिगर झोप येईना.

मी धरली आनि आक्काच्या दारात उभी केली.

आक्कानं चष्मा वडला. "पोरगी मोठी झाली की गं! आता किती दिस—"

"आक्काआज्जी, सासर तुझ्या ट्रंकंत हाय," रेणू म्हनाली. "मला ठावं हाय."

तोंडावर असं कुनी कधी बोललं न्हवतं. मला वाटलं, संपलं आता.

आक्कानं मनीला हातात घेतलं, नाकाशी धरलं. मग म्हनाली, "बरं. मग ही न्हाय जात. ही माहेरात ऱ्हाईल. जानार तू."

आनि तांदळाचं सूप वडून रेणूचीच ओटी भरली, फ्राकाच्या घेरात.

मी म्हटलं, "आक्का, कुवारीची ओटी?"

"गप गं तानू. शाळंला नांदायला चाललीया ती."

रेणू हसली. हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. "मग मला न्यायला कोन येनार?"

"पंचमीला मुराळी येनार."

"नक्की?"

"माझ्या हातनं गेलेली..." आक्का म्हनाली, आनि सूप उचलून आत गेली.

रेणू गेली आनि ऱ्हायली. दर आयतवारी फोनवर एकच, "आज्जी, मुराळी येनार न्हवं?"

पंचमीदिशी आक्का नवं इरकल नेसून, पिशवीत मनीला घिऊन बेळगावच्या पैल्या बसमंदी चढली. संगं मी. कर्नाटकात बाईमानसाला बस फुकट, कंडक्टरनं तसली तिकिटं फाडली. आक्का म्हनाली, "हिचं बी दे."

त्यो पिशवीत वाकला. "मगळा, अज्जी?" लेक हाय का, म्हनून कन्नडात इचारलं.

"व्हय, मगळु."

त्येनं खाली पडलेलं एक जुनं तिकीट उचलून मनीच्या हातात खोवलं.

शाळंचं फाटक धाला उघडनार हुतं, आमी आठलाच. पाऊस धो धो. मी म्हटलं, "बस की जरा आडोशाला." तर म्हंती, "मुराळ्यानं बसू न्हाय."

फाटक उघडलं. रेणू पळत आली आनि पिशवीकडं न बघता आक्काच्या कमरंला बिलगली. "मला वाटलं, पाऊस लई हाय, तू येनार न्हाईस."

"पावसाचं काय न्हाय गं," आक्का म्हनाली. "यायचं असलं की येतंय मानूस."

मी दुसरीकडं बघितलं.

घरी आल्यावर रेणूनं आक्काला आमच्या चुलीपाशी पाटावर बसवलं. "तू पंचमीला आमच्याकडं आलीयास न्हवं? मग ओटी भराय पायजे." आनि वंजळभर तांदूळ घिऊन म्होरं आली. विधवेची ओटी भरत न्हाईत, हे पोरीला ठावं न्हवतं. आक्कानं माझ्याकडं बघितलं.

मी पोरीला काय सांगिटलं न्हाय. आक्कानं पदर पसरला.