हा तोच असल्याचा दाखला

माणूस स्वतःच असणे ही बाब खासगी असली, तरी तिचा पुरावा सरकारीच लागतो. हे योग्यच आहे. नाहीतर कुणीही उठून स्वतः होऊन बसेल.

कुंभकोणमच्या अनंतकृष्णाला हे कळायला अठ्ठावीस वर्षं लागली. शाळेच्या दाखल्यावर तो आर. अनंतकृष्ण होता, आधारवर अनंतकृष्ण राव. बुधवारी लक्ष्मीप्रियाशी लग्नाची नोंदणी होती आणि नोंदणीवाले विचारत होते, या दोघांपैकी नवरा कोण? (लक्ष्मीप्रियाने एकालाच होकार दिला होता.) दोघे एकच असल्याचा दाखला आणणं भाग होतं.

दाखले देणारे जयकुमार सार (तिकडे ‘सर’चा ‘सार’ होतो) कर्तव्यदक्ष होते. या जगात इसम एकच आहे हे कुणीही लिहून देईल. पण जी जगं होऊ शकली असती, तिथलं काय? म्हणून अर्जात रकाना नऊ : अर्जदार नाचियार्कोविलला पितळी दिवे ओतत बसला असता, तर अर्जदारच असता काय? रकाना दहा : बारावीला गणितात पास झाला असता, तर? रकाना अकरा : जन्मलाच नसता, तर सध्याचा पत्ता (पिनकोडसह). गेल्या वर्षी चारशे बारा अर्जदारांपैकी सातच जण सगळ्या जगांत स्वतः निघाले. त्यांतले तिघे मयत होते. त्यांना सोपं जातं.

अनंतकृष्ण म्हणाला, दिवे ओतणारा मी कसा असेन, मी तर बँकेतला. सारांनी शांतपणे लिहिलं, ‘बँक सुटल्यास अर्जदार संपतो.’ असला नवरा कोण पत्करणार?

शेवटी आई गंगाबाई साक्षीला आली. घराणं तंजावरी मराठी. कचेरीत तमिळच बोलायचं हा तिचा नेम, पण राग मराठीतच यायचा.

“मज काय पुसता, सार? हा पट्टीश्वरमास देवळापुढे चपला चोरीत फिरला असता, तरी माझाच अनंतू चोर झाला असता. दुसरा कोणी नव्हे.”

अनंतकृष्णाने मान खाली घालून शब्दन् शब्द तमिळमध्ये सांगितला. सारांचे डोळे पाणावले. वीस वर्षांच्या नोकरीत इतका पक्का पुरावा त्यांना मिळाला नव्हता. शिक्का बसला : ‘चप्पलचोर झाला असता तरी हा तोच. आधार : आईची कबुली.’

बुधवारी लक्ष्मीप्रियाने दाखला दोनदा वाचला, दाराबाहेर जाऊन आली आणि सही केली. डाव्या हातात स्वतःच्या चपला होत्या.

वाचकांनी हसू नये. ज्या जगात आपण हे वाचत न बसता हातातलं काम उरकलंत, तिथला इसम कालच आपल्या नावाने अर्ज देऊन गेला आहे, आणि सारांना तो आपल्यापेक्षा जास्त आपण वाटतो. हरकत नोंदवायला येताना आईला आणा. मात्र ती काय कबूल करणार आहे, ते घरीच विचारून घ्या.