गळ्यात पडलेला कॅमेरा

सासऱ्यांचा जुना मूव्ही कॅमेरा सरांनी स्वतः दुरुस्त केला आणि ते घरात छाती काढून फिरू लागले. सर निवृत्त विज्ञानशिक्षक. गंजलेली स्प्रिंग, चिकटलेली चाकं, बुरशी धरलेली भिंगं, सगळं त्यांनी जेवणाच्या टेबलावर वठणीवर आणलं होतं. पण मेहुण्याला त्यात बल्ब बसवून दिवाणखान्यात शोभेचा दिवा करायचा होता.

"बाबांच्या कॅमेऱ्याचा दिवा झाला तर मी घरात दिवा लावणार नाही," बायकोने बजावलं. म्हणून सरांनी संग्रहालयाच्या बाईंना घरी बोलावलं.

बाईंनी कॅमेरा पाहिला आणि त्या हळहळल्या. "सुरेख आहे हो. पण आमच्याकडे जागाच नाही. त्यातून बंद पडलेल्या वस्तू—"

"बंद?" सरांनी झाकण काढलं, चावी भरली. "या, अशा जवळ या."

बटण दाबताच आतली चाकं खर्रर्र फिरू लागली. बाई कौतुकाने वाकल्या आणि त्यांच्या स्कार्फचं टोक चाकांत गेलं.

"अहो, थांबवा!"

"बटण सोडलं की थांबतो," सर म्हणाले आणि त्यांनी बटण सोडलं. कॅमेरा थांबला नाही. बाईंची हनुवटी भिंगाला टेकली, तेव्हा थांबला.

"कात्री आणू?" बायकोने विचारलं.

"खबरदार! सासूबाईंनी विणलाय," बाई ओरडल्या.

"मग चाकं काढतो. पाच मिनिटांचं काम," सर म्हणाले.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. विश्वस्तांची बैठक सुरू होत होती, अध्यक्ष येऊन बसले होते. मग काय, तिघं टॅक्सीत बसली. मध्ये कॅमेरा मांडीवर घेऊन बाई, एका अंगाला स्क्रू पिळणारे सर, दुसरीकडे निघालेले स्क्रू रुमालात धरणारी बायको.

"हॉस्पिटलला ना?" ड्रायव्हरने विचारलं.

"संग्रहालयात," बाई कशाबशा म्हणाल्या.

"तिथं काढतात होय हे?"

बैठकीत सगळे उठून उभेच राहिले. "बाई, हे काय?" अध्यक्षांनी विचारलं.

बाईंना मान वर करता येत नव्हती, पण आवाज खणखणीत होता. "देणगी आलीय. सोडवेचना."

सरांनी शेवटचं चाक उचललं आणि स्कार्फ सुटला. डाग पडला होता, भोक नव्हतं. "डागाचं मी बघते," बाई म्हणाल्या. "तुम्ही आता तो चालवून दाखवा."

सरांनी बैठकीच्या टेबलावरच कॅमेरा पुन्हा जोडला. बायको न विचारता नेमका हवा तो स्क्रू हातात ठेवत होती. चावी भरली, खर्रर्र सुरू झालं. अध्यक्षांनी केसांवरून हात फिरवला, विश्वस्तांनी पोटं आत घेतली आणि स्प्रिंग संपेपर्यंत सगळे हसऱ्या चेहऱ्याने ताठ बसून राहिले.

"कसे आलोय आम्ही?" अध्यक्षांनी विचारलं.

"आत फिल्म नाही," सर म्हणाले.

"मग मागवा," अध्यक्ष म्हणाले. "आणि कॅमेरा दारातच ठेवा, येणाऱ्याच्या नजरेत भरेल असा."

"साहेब, दारात तुमचा पुतळा आहे," बाईंनी हळूच आठवण करून दिली.

"तो हलवा," अध्यक्ष म्हणाले. "त्यात मी तसाही काही बरा आलेलो नाही."