बंद कुलरमधला मारेकरी

दुपारी दोन वाजता गिरिधरने कुलर बंद केला, तेव्हा हर्षाने हातातली सुरी खाली ठेवली आणि आधी कुलरकडे, मग नवऱ्याकडे पाहिलं. बाहेर पंचेचाळीस डिग्री होतं. मे महिन्यात धरमपेठेत भरदुपारी कोणी आपणहून कुलर बंद करत नाही.

"काय करून राहिले जी? जीव द्यायचा आहे का?"

"रेकॉर्डिंग आहे. कुलरचा आवाज येते त्यात. चारच्या आत पाठवायचं आहे, तोपर्यंत कोणी बोलायचं नाही, भांडं वाजवायचं नाही."

"श्वास घेतला तर चालते?" हर्षाने विचारलं आणि सुरी उचलून स्वयंपाकघरात गेली.

हा गिरिधर म्हणजे मीच. पण असली गोष्ट जरा लांबून सांगितलेली बरी, म्हणजे तुमच्यासोबत मलाही त्याला हसता येतं.

तर हा गिरिधर खापरखेड्याच्या वीज केंद्रात तीस वर्षं कंट्रोल रूमच्या माइकवरून सूचना द्यायचा. त्याचा आवाज आला की चारशे माणसं हातातलं काम थांबवून ऐकायची. रिटायर झाल्यावर घरात ऐकायला एकटी हर्षा उरली, आणि तीही त्याचं वाक्य अर्ध्यात आलं की पाणी भरायला उठायची. याचं त्याला फार वाईट वाटायचं. म्हणून ऑडिओबुकसाठी आवाज हवा असल्याची जाहिरात दिसताच त्याने नाव दिलं. एका प्रकरणाचा नमुना पाठवायचा होता. निवड व्हायच्या आधीच या शहाण्याने खापरखेड्याच्या रिटायर मंडळींच्या ग्रुपवर टाकून दिलं, 'आपला आवाज लवकरच देशभर.' त्यावर एकशे बारा अंगठे आले. आता मागे फिरायची सोय नव्हती.

पुस्तक थरारक होतं. सन २०९०. कोणी किती जगायचं हे सरकार ठरवतं आणि ज्याची मुदत संपली त्याला मारायला माणसं ठेवतं. त्यातला एकोणीस नंबरचा मारेकरी एका सकाळी आजचा हुकूम उघडतो, तर त्यावर त्याचाच नंबर. मग अख्खं शहर त्याच्या मागे लागतं.

गिरिधरने दारं लावली, खिडकीच्या काचांवर रजया टांगल्या, लू, म्हणजे उन्हाची झळ, लागू नये म्हणून डोक्याला कानांवरून ओला पंचा आवळला आणि खिशात कांदा ठेवला. घरात बसून लू कशी लागेल, हा प्रश्न त्याला पडला नाही. पहिलं वाचन झकास झालं. मग त्याने ते ऐकून पाहिलं.

'एकोणीसने पिस्तूल उचललं. रिपीट, एकोणीसने पिस्तूल उचललं. जिन्यावर पावलं वाजली. रिपीट, जिन्यावर पावलं वाजली.'

कंट्रोल रूममध्ये प्रत्येक सूचना दोनदा द्यायची असते, कारण मशीनच्या घरघरीत एकदा सांगितलेलं कोणाला कळत नाही. तीस वर्षांची सवय, ती पिस्तुलाला थोडीच भिणार. दुसऱ्या वाचनाला त्याने 'रिपीट' दातांखाली धरलं, तर ऐन पाठलागात फोन तापून बंद पडला. हर्षाने फोन नेऊन माठावर ठेवला. तो थंड होईपर्यंत सव्वातीन वाजले. तिसरं वाचन एकोणीस गटारात उतरतो तिथवर सुरळीत पोचलं, तेव्हा चाराला पाच कमी होते. पुन्हा ऐकायला वेळच नव्हता. गिरिधरने नमुना पाठवला, कुलर लावला आणि त्याच्यासमोर उघडाच बसला.

पंधरा मिनिटांत शेजारचे मारोतराव दारात. वय अठ्ठ्याहत्तर, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, हातात काठी.

"मंग वाचला का तो?" त्यांनी विचारलं.

"कोण?"

"एकोणीस नंबर. तो गटारात उतरला अन् तू बंदच केलं. असं राहते का गा?"

"तुम्हाले कसं ऐकू आलं?"

"कुलरमधून. तुझा कुलर माझ्या खाटेच्या डोक्याशी आहे. रोज त्याची घरघर ऐकतो, आज पहिल्यांदा कामाचं काही ऐकू आलं."

काचांवर रजया होत्या, पण त्याच खिडकीत कुलर बसवलेला होता. त्याचा पंखा थांबला की तो नुसता पत्र्याचा भोंगा होतो, हे वीज केंद्रात जन्म काढलेल्या माणसाला सुचलं नव्हतं. गिरिधरने घाईघाईने पाठवलेला नमुना लावला.

'एकोणीसने दार उघडलं.' त्यामागून खोल, खरखरीत आवाज, 'नोको उघडू, बावा.'

'समोर दोन रस्ते होते.' 'मांगच्या गल्लीनं जाय. समोर सारे उभे आहेत न.'

'त्याला आईची आठवण आली.' इथे एक लांब उसासा, आणि मग, 'येतेच न.'

"हे सारं तुम्ही बोलले?"

"दोनदा गप ऐकलं, पण तिसऱ्यांदा कोणीतरी सांगाले पाहिजे होतं न त्याले. तुले ऐकू नाही आलं?"

गिरिधरने कानांवरून सोडून खुंटीला टांगलेल्या पंच्याकडे पाहिलं. तेवढ्यात फोन वाजला. ऑडिओबुकवाल्यांची रितिका होती. नकार आपल्याला एकट्याने पचवायला नको म्हणून की काय, गिरिधरने फोन स्पीकरवर टाकला. हर्षाही बाहेर आली.

"सर, सॅम्पल ऐकलं आम्ही."

"त्यात थोडा व्यत्यय आला मॅडम, मी पुन्हा..."

"नाही नाही, तेच तर बोलायचं होतं. तुमचं वाचणं एकदम क्लियर आहे सर, पण असं वाटते की फलाटावर गाडी येऊन राहिली. ते मधे बोलणारे काका कोण आहेत? ते बोलले की अंगावर काटा येते. आम्हाले पूर्ण पुस्तक त्यांच्या आवाजात पाहिजे."

फोन बंद झाला. गिरिधरला वाईट वाटलं, अगदी रडू येईल इतकं. मारोतराव म्हणाले, "पण मले वाचता कुठं येते गा आता, या डोळ्यांनी?"

मोतीबिंदूबद्दल गिरिधरला एकदम आपुलकी वाटू लागली. ती हर्षाने टिकू दिली नाही.

"त्यात काय झालं काकाजी? हे एकेक वाक्य वाचतील, तुम्ही मांगून म्हणा. दोनदोनदा बोलाची यांना सवयच आहे."

सोमवारपासून रोज दुपारी कुलर बंद होऊ लागला. गिरिधर वाक्य वाचायचा, मारोतराव शेजारी बसून ते आपल्या आवाजात म्हणायचे, आणि रितिका गिरिधरचं तेवढं कापून टाकायची. ग्रुपवर विचारणा झाली तेव्हा त्याने 'काम सुरू आहे' एवढंच लिहिलं, आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

आठव्या दिवशी दोन प्रकरणांच्या मधे तो घाम पुसत बाहेर आला. मारोतरावांच्या ओट्यावर, कुलरच्या पाठीशी, गल्लीतल्या चार बायका परातीत भाजी घेऊन बसल्या होत्या. सगळ्यांत पुढे, कुलरला जवळजवळ कान लावून, हर्षा होती.

"तू अन् इथं?" गिरिधर म्हणाला. "मारोतरावचं ऐकून राहिली?"

"त्यांचं काय ऐकायचं? तुम्ही वाचता तेव्हाच कळून जाते न कोण मेलं ते. काकाजी बोलाले लागले की आम्ही भाजी निवडतो." मग ती थोडी सरकून बसली. "जा आता आत. तो पुलावर अडकला आहे."

गिरिधर आत आला, पंचा नळाखाली भिजवून पुन्हा डोक्याला बांधला. कान मात्र मोकळे ठेवले.