चंद्रावर तीन टन

जाम गावच्या चौकातल्या धरमकाट्यावर, म्हणजे गाड्या तोलायच्या काट्यावर, मी पहिल्यांदा ट्रक लावला, तेव्हा पावती पाहून माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. सोयाबीनने भरलेला अठरा टनांचा ट्रक, आणि पावतीवर पेनने लिहिलेलं : तीन टन. मी खिडकीवर मूठ आपटली.

"काटा हाय का जुगार? पंधरा टन माल गेला कुठं?"

आतल्या माणसाने चष्म्यावरून पाहिलं. "मागची बाजू पाहून राह्यले तुमी, शेठ. ते चंद्रावरचं वजन हाय. इथलं वजन पुढं छापलं हाय."

हे बाबाराव. काट्यावर कोणाचीही गाडी येवो, कापसाची, गिट्टीची की म्हशींची, बाबाराव तिच्या वजनाला सहाने भागणार आणि पावतीच्या पाठीवर लिहिणार. मी हमालीतून वर आलो. पाठीवर पोती वाहिली, आता स्वतःचं गोदाम आहे. आयुष्यात मला कोणी काही फुकट दिलं नाही. त्यामुळे या फुकट मिळालेल्या चंद्रावरच्या वजनाचं काय करायचं, ते मला कळेना.

वजनाबरोबर प्रश्नही फुकट. गाडी प्लेटवर चढली की खिडकीतून सुरू.

"शेठ, रॉकेटले रिव्हर्स गिअर असते का?"

"मले काय माईत!"

"नसंल तर चुकलेलं वळण कसं घेत असतील? आन् वर तर हवा नाई. टायर पंक्चर झाला तर बाहेर काय निघंल?"

एकदा मात्र त्यांनी माझ्या धंद्यालाच हात घातला. "अंतराळात वजनच नाई म्हणतात. मंग तिथं तुमच्यासारख्यानं धंदा कसा करायचा, जी?"

"नगावर विकीन!" मी ओरडलो. घरी येऊन रात्रभर विचार केला. सोयाबीन नगावर विकायचं म्हणजे मोजणार कोण?

काट्याच्या खोलीबाहेर, उन्हात, प्लास्टिकच्या खुर्चीवर इंदूवयनी बसलेल्या असत. बाबारावांची बायको. त्यांना पोटाचा आजार. सगळ्या चौकाला माहीत होतं की वर्ध्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आहे, पण आधी वजन पंचेचाळीसच्या वर न्या म्हणाले. आणि वजन उतरायला लागलं तर एक दिवसही थांबू नका, तडक घेऊन या. म्हणून बाबाराव खिडकीतून एक प्रश्न आम्हाला विचारत आणि एक वयनींना. "दूध घेतलं का?"

आता माझी तक्रार सांगतो. लोक म्हणतात विसरा. मी विसरणार नाही.

आमच्या धंद्यात एक जुनी रीत आहे. शेतकऱ्याचा माल घेताना भरल्या गाडीच्या वजनाला ड्रायव्हर खाली उतरतो आणि रिकाम्या गाडीच्या वजनाला वर बसतो. माल त्याच्या वजनाइतका कमी भरतो. सगळेच करतात. मीही केलं. वडनेरचे पाच शेतकरी समोर उभे होते आणि बाबारावांनी खोलीवरच्या भोंग्यावरून विचारलं, "शेठ, ड्रायव्हर मघाशी खाली होता, आता वर काऊन? सत्तर किलोचा माणूस हाय, पाखरू नाई!"

पाचही जण पोट धरून हसले. पूर्ण चौकाने ऐकलं. त्या दिवसापासून मी बाबारावांशी कामापुरतंच बोलत होतो, तेही दातओठ खाऊन.

गेल्या पौषातली सकाळ. मी कार घेऊन जुन्या पावत्यांसाठी काट्यावर गेलो. साठ टनांचे ट्रक जिथे उभे राहतात, त्या लोखंडी प्लेटच्या मधोमध इंदूवयनी अनवाणी उभ्या होत्या. एकट्या. शाल बाबारावांच्या हातात, तिचं वजन धरायचं नाही म्हणून. मागे तीन ट्रक हॉर्न वाजवत होते.

लाल आकडा उमटला. चाळीस.

"पाहा शेठ," बाबारावांचा चेहरा फुलला होता. "दिवाळीपासून चाळीसच. एक किलो उतरलं नाई."

मी जन्मभर या काट्यांशी भांडलो आहे. ट्रकचा काटा दहा-दहा किलोने बोलतो. चव्वेचाळीस असोत की छत्तीस, तो चाळीसच म्हणणार. पण पोतं नजरेने तोलणारा माणूस मी. वयनींचं मनगट पाहिलं. त्या छत्तीसच्या वर नव्हत्या.

"अरे, तू काटेवाला हायेस का कोण?" माझा तोल सुटला. "हा काटा दहाच्या आत आंधळा असते, हे तुले माईत नाई?"

बाबारावांनी शालीची घडी केली. मोडली. पुन्हा केली.

"माईत हाय, शेठ." आवाज भोंग्यावाल्या माणसाचा नव्हताच. "म्हणून तर इथं करतो."

माझा एक ड्रायव्हर ज्याला खपला नाही, तो माणूस दिवाळीपासून स्वतःच्या बायकोला मुद्दाम आंधळ्या काट्यावर उभं करत होता.

"वयनीले शाल दे. दोघंबी कारमधी बसा."

"पण काट्यावर गाड्या..."

"चुलीत गेल्या गाड्या!" मी खोलीला कुलूप घातलं आणि हॉर्न वाजवणाऱ्यांना असं झापलं की तिघेही गप्प झाले.

वर्ध्याच्या रस्त्याला लागलो. मागच्या सीटवर दोघं. बाबाराव काही विचारतच नव्हते. रॉकेट नाही, चंद्र नाही, दूध नाही. शेवटी मीच तोंड उघडलं.

"बाबाराव, सूर्याचा उजेड इथवर यायले किती वेळ लागते, जी?"

आरशात पाहिलं. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते आणि खांदे हलत होते.

"आठ मिनिटं," वयनी म्हणाल्या. आवाज बारीक, पण स्पष्ट. "हे मलेच विचारत बसतात रोज. मंग शोधून मलेच सांगतात."

काचेतून त्यांच्या मांडीवर ऊन पडलं होतं. त्यांनी त्यात हात धरला आणि दुसऱ्या हाताने नवऱ्याची बाही ओढली.

"अवो, इकडं पाहा ना. हे ऊन तिकडून निघालं, तवा आपण काट्यावरच होतो."