पाटकर काकांचा फिरता उंबरठा

पाटकर काका माझ्या लग्नाला आले, अक्षता टाकल्या, आईच्या हातात पाकीट ठेवलं आणि ऐन पंगतीच्या वेळी जेवायला घरी निघाले. हॉल डोंबिवलीत, घर कल्याणला. जिलबी वाढायला घेतलेली. आई दारापर्यंत धावली, "अहो, दोन घास तरी!"

"वहिनी, राग मानू नका," काका हात जोडून म्हणाले, "परक्या ठिकाणचा नळ मला ओळखत नाही."

आणि भाड्यावरून एक शब्द न बोलता रिक्षात बसले. मागोमाग पदर सावरत बिचाऱ्या काकी.

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. अर्थ एवढाच की पाटकर काकांना स्वतःच्या घराबाहेर काही म्हणजे काही जमत नाही. झोप लागत नाही, आंघोळ होत नाही, आणि सकाळचं ते तर नाहीच नाही. "उंबरठा ओलांडला की माणूस परका" हे त्यांचं तत्त्व, आणि तत्त्व म्हणजे तत्त्व.

शहाडजवळच्या आमच्या सोसायटीत त्यांचं दार माझ्या दारासमोर. मोहन्याच्या एका कारखान्यात त्यांनी सुपरवायझर म्हणून जन्म काढला. सहा फूट उंची, त्याला शोभेल असा दणदणीत आवाज. काकी त्यांच्या कोपराला लागतात. दोघं जिना उतरताना वरून बघितलं तर काका एकटेच चाललेत असं वाटतं.

काकांच्या तत्त्वापायी सगळ्यांचा विरस व्हायचा. सोसायटीची सहल निघाली, तर बस सुटायच्या आधी हे उतरले आणि काकींनाही उतरवलं. शेजारच्या विंगमधल्या सत्यनारायणाचा प्रसाद वाटीत घेऊन घरी येऊन खाल्ला. या सगळ्याच्या आधी ठाण्याच्या एका बारशात तर कहर. पाळणा म्हणणं चाललेलं असताना यांनी पाण्याने भरलेला अख्खा जग काकींच्या साडीवर सांडला, आणि वर "आता भिजलीच आहेस, चल घरी" म्हणून बायकोला ओढत बाहेर काढलं. बायका पुढे महिनाभर त्यांच्या नावाने बोटं मोडत होत्या.

एकदा त्यांच्या कारखान्यातले एक जुने सोबती भेटले. मी काकांची ही कथा सांगितली तर ते पोट धरून हसले. "आमचा पाटकर? अरे, जेवणाच्या सुट्टीत सुताच्या गठ्ठ्यांवर झोपायचा, भोंगा झाला तरी हलवून उठवायला लागायचा." मला वाटलं, म्हातारा दुसऱ्याच कोणाबद्दल बोलतोय.

यात खरं मरण होतं काकींचं. त्यांची थोरली बहीण इंदूताई संगमेश्वरच्या पलीकडे एका गावात राहते. ऐंशी उलटलेली, गुडघे गेलेले, ती इकडे येण्यातली नाही. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि काकी स्पीकरवर टाकायच्या, त्यामुळे सगळा मजला ऐकायचा. "शालू, माझे डोळे मिटायच्या आत एकदा येऊन जा गं. त्या विक्षिप्ताला ठेव घरी." काकी म्हणायच्या, "हे एकटे कसे राहतील गं?" मला काकींची कीव यायची आणि काकांचा मनापासून राग.

शेवटी एका रविवारी मी जिन्यात त्यांना गाठलं. "काका, एक रात्र! एका रात्रीने जीव जातो का कोणाचा?"

काकांनी माझ्याकडे वरून खाली पाहिलं. त्यांच्या उंचीमुळे ते सगळ्यांकडे तसंच बघतात. "संदीप, माणसाला घर सोडवत नसेल तर त्याने काय करावं?"

"काय?"

"घर बरोबर न्यावं. तुझ्या ओळखीत कोणी करतं का तसलं?"

दुर्दैवाने करत होतं. माझा वागळे इस्टेटमध्ये सीट कव्हरचा छोटा कारखाना आहे. शेजारच्या गाळ्यात राणे म्हणून आहे, तो मिनीबस आतून मोकळ्या करून त्यात पलंग, ओटा, संडास बसवून देतो. मोटरहोम. एका हौशी गिऱ्हाइकाने सांगून मग अंग काढून घेतलेली एक गाडी त्याच्याकडे तयार उभी होती.

काकांनी ती गाडी फ्लॅट बघायला जातात तशी बघितली. चप्पल बाहेर काढून आत गेले. भिंतीवर बोटाने टकटक केलं. "कार्पेट किती?" राणे माझ्याकडे बघायला लागला. "पाणी किती वाजता येतं?"

"काका, टाकी आहे. तुम्ही भराल तेव्हा येणार."

"म्हणजे चोवीस तास. आमच्या बिल्डरने थापच मारली होती, तू खरं बोलतोस. शेजार कसा आहे?"

"जिथे पार्क कराल तसा," राणे कसलेला विक्रेता होता. "काका, इंजिन बघा ना. एकदम मख्खन."

"इंजिन संदीप बघेल. मी आत राहणार." असं म्हणून ते संडासात शिरले आणि आतून कडी लावली. बराच वेळ आतून काहीही आवाज आला नाही. राणे हळूच म्हणाला, "अरे, त्याला पाणी जोडलेलं नाहीये अजून." इतक्यात काका बाहेर आले. ते नुसतेच बसून विचार करत होते.

"धरायची दांडी खाली घे. चांगली वीतभर."

"काका, तुम्ही सहा फुटी. तुम्हाला वर पाहिजे."

"मी म्हातारा होणार की नाही? म्हातारपणी माणूस आखडतो. वीतभर!"

राणेने दांडी खाली घेतली. फंडातला मोठा लचका तोडून काकांनी गाडी घेतली, आणि सोसायटीत वादाला तोंड फुटलं. गाडी गेटच्या कमानीखालून आत जाईना. सेक्रेटरींचा प्रश्न असा की हे वाहन समजायचं की बिऱ्हाड? काका म्हणाले, "आत येऊन ठरवा. चपला बाहेर." त्यामुळे आमचे सेक्रेटरी भर रस्त्यात, वडापावच्या गाडीशेजारी चपला काढून बसमध्ये चढले, काकींच्या हातचा चहा प्यायले आणि काही न ठरवता उतरले. दारावर 'पाटकर' अशी पाटी लागली होती. खाली लाकडी उंबरठासुद्धा होता. पुढे मी त्याला तीनदा ठेचकाळलो.

पूजा कसली करायची यावरही घोळ झाला. टायरखाली लिंबं ठेवून नारळ फोडायचा, की वास्तुशांत? काकांना दोन्ही हवं होतं. गुरुजी पंचांग मिटून म्हणाले, "वास्तूत स्वयंपाकघर आग्नेयेला हवं. ही वास्तू वळते." शेवटी निदान उभी करताना तरी तोंड योग्य दिशेला करायचं, असा तोडगा निघाला. काकींनी गॅसवर दूध उतू घातलं. नव्या ओट्यावरून ते ओघळताना बघून त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

गाडी कोण चालवणार, हे मला कोणी विचारलंच नाही. "संदीप आहे की," असं ठरून गेलं होतं.

शिमगा झाल्यावर आम्ही भल्या सकाळी निघालो. काका माझ्या शेजारी, काकी मागे खिडकीशी. पर्स मांडीवर घट्ट धरून, परीक्षेला निघाल्यासारख्या बसल्या होत्या. बहीण भेटेल की अर्ध्या रस्त्यातून परतावं लागेल, हीच धास्ती मलाही होती. काकांचा काय भरवसा?

पहिल्याच मोठ्या वळणावर काका ओरडले, "अरे, स्वयंपाकघर नैर्ऋत्येला गेलं!" आणि पनवेल यायच्या आत म्हणाले, "संदीप, घे बाजूला. मला जाऊन यायचंय." मी थांबलो. ते मागे गेले, मधला पडदा ओढला, आणि आतून खड्या आवाजात एकोणतीसचा पाढा ऐकू यायला लागला. जरा वेळाने आले, "चल." पेणच्या अलीकडे पुन्हा तेच. पुढे पुन्हा. दर वेळी पाढा. मी वैतागून म्हणालो, "काका, डॉक्टरला दाखवा एकदा."

"वय झालं रे," काका आनंदाने म्हणाले.

महाडच्या पुढे त्यांनी पडदा ओढला तो निम्म्यातच अडकला. मी सहज आरशात बघितलं. संडासाच्या दाराकडे पाठ करून, दोन्ही हात मागे बांधून काका पहाऱ्यावर उभे होते आणि खिडकीबाहेरच्या डोंगराला पाढा म्हणून दाखवत होते. मग दार उघडलं. काकी ती खालची दांडी धरून सावकाश बाहेर आल्या. दांडी त्यांच्या हाताला नेमकी आली होती. आरशात काकांची आणि माझी नजरानजर झाली, आणि 'एकोणतीस साते'वर पाढा थांबला.

काका खाली उतरले आणि समोरच्या टपरीवर चहा सांगायला गेले. काकी पुढे येऊन काकांच्या सीटवर बसल्या.

"ऑपरेशन झाल्यापासून असं आहे रे," त्या काचेतून समोर बघत म्हणाल्या. "लागली की थांबवत नाही. रस्त्यावर बायकांनी जायचं कुठे? आणि हॉलमध्ये रांगा. त्या बारशात माझी फजिती झाली. कोणाच्या लक्षात यायच्या आत यांनी जग ओतला अंगावर. घरी आल्यावर मी रडत होते, तर म्हणाले, तू कोणाला काही सांगू नकोस. आजपासून मी विक्षिप्त."

इतकी वर्षं मी या माणसाला मनातल्या मनात झोडपत होतो, आणि हा बाबा तो मार आरामात खात बसला होता. माझे डोळे भरून आले. एवढ्यात काका चहा घेऊन आले आणि माझ्यावर खेकसले, "बघतोस काय? स्वयंपाकघर कुठल्या दिशेला आहे?"

दुपारी आम्ही पोचलो. इंदूताई खुर्ची टाकून दारापुढच्या खळ्यातच बसल्या होत्या. काकी गाडीतून उतरल्या आणि दोघी बहिणी एकमेकींना धरून उभ्या राहिल्या. बराच वेळ कोणी कोणाला सोडेना. मग इंदूताईंनी डोळे पुसले आणि मोर्चा काकांकडे वळवला. वय ऐंशीच्या पुढचं, पण जीभ विशीतली. "काय हो, बसभर घर घेऊन फिरता, लाज नाही वाटत? तुमच्या थेरांपायी माझी बहीण मला किती वर्षं दिसली नाही!"

मी तोंड उघडलं. काकांनी माझा दंड असा दाबला की दोन दिवस दुखत होता.

"चुकलं माझं," ते सहा फूट वाकून म्हणाले. "काय करू, परका नळ मला ओळखत नाही."

जेवणं झाली. आमटी काकांनी तीनदा मागून घेतली. दोघी बहिणी माजघरात बोलत बसल्या, आणि काकींना मोठ्याने हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं. मी हात धुऊन बाहेर आलो तर ओटीवर, इंदूताईंच्या चटईवर, इंदूताईंचीच उशी घेऊन काका आडवे झाले होते आणि असे घोरत होते की वळचणीची कबुतरं उडाली होती.

आवाज ऐकून इंदूताई काठी टेकत दारात आल्या. "हे काय? यांना म्हणे दुसऱ्याच्या घरी झोप लागत नाही?"

"कुठे लागते," मी म्हणालो. "नुसते डोळे मिटून पडलेत बिचारे."